चवी लिहून पाठव

कालगुर्ली
२० जून २०२१

प्रिय मंजूताई,

साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी चांगलीच पडलीये. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा असतो, तो गरम पाणी ओतून काढू नये हे एकदा काच तडकवून शिकले. आता जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन खरवडत बसते. दुपारी मात्र ऊन छान असतं. हॉस्पिटलात फ्लूचेसुद्धा पेशंट फारसे नाहीत. इथे पश्चिम ऑस्ट्रेलियात करोना जवळपास नाहीच, ते तुला माहीत आहे. मेलबर्नचा लॉकडाउन उठला, पण तिकडून आमच्या राज्यात यायचं तर अजून अडचणीच आहेत, त्यामुळे ईशानीची भेट पुन्हा लांबली. फोनवर खोदून विचारलं की म्हणते, "Mum, I'm fine. Stop diagnosing me."

कुशलने तुझा निरोप दिला. तू फोनवर फारशी येत नाहीस, व्हिडिओ कॉल लावला की कॅमेरा भिंतीकडे फिरवतेस, आणि मग परवा अचानक त्याला म्हणालीस, "सुमेधाला म्हणावं, मेक्सिकोच्या त्या बाजारात काय काय खाल्लं ते चवींसकट लिहून पाठव. मला आता कशाची चवच लागत नाही, निदान वाचू तरी दे." हे ऐकून मी लगेच बसले. पोस्टाने कधी पोचेल भरवसा नाही, म्हणून पानांचे फोटो कुशलला पाठवतेय. तो छापून देईल. करोनानंतर वास आणि चव परत यायला महिने लागू शकतात, लवंग आणि लिंबू रोज हुंगत जा, एवढं डॉक्टर म्हणून सांगते. पुढचं बहीण म्हणून.

तर मेक्सिकोतलं वहाका. जानेवारी २०२०. मका कुठून आला, मिरची कुठून आली, टोमॅटो कुठून आला, हे तू भूगोलाच्या तासाला आयुष्यभर शिकवलंस आणि रिटायर झाल्यावर म्हणालीस, "एकदा त्या मिरचीचं माहेर बघायचंय." म्हणून तुम्ही पुण्याहून आलात आणि मी इथून पर्थमार्गे. रोसाल्बा नावाची आपली गाइड आठवते ना? बुटकी, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, हातात मिटलेली छत्री. चर्चच्या पायऱ्यांवर तिने आधी तंबी दिली होती: "माझ्याबरोबर बाजारात यायचं तर सकाळी नाश्ता करायचा नाही. कोणी केलाय?" तू शाळेतल्या मुलीसारखा हात वर केलास. हॉटेलात चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली होतीस.

बाजाराच्या तोंडाशीच ती तेहातेवाली बसली होती. मोठ्या मातीच्या परातीत कोपरापर्यंत हात घालून फेस काढत होती. तेहाते म्हणजे भाजलेला मका, कोको आणि कसल्याशा फळाची बी एकत्र वाटून केलेलं गार पेय, रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीत. पहिल्या घोटाला मातकट. मग सातूच्या पिठाचं पाणी प्यायल्यासारखं, आणि अगदी शेवटी घशाशी कोकोचा किंचित कडूपणा. वर तरंगणारा पांढरा फेस तेलकट, पण जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. तुझ्या वरच्या ओठावर त्याची मिशी आली होती.

मग चीज. लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं. त्याची एकेक पट्टी सोलून खायची. खारट, थोडं आंबूस, दाताखाली करकरणारं. त्यानंतर नाकतोड्यांच्या राशी होत्या, लाल, लसूण आणि लिंबू लावून परतलेल्या. त्यांची वाटी आपल्यासमोर आली आणि रिकामी परत गेली.

मोलेचं, म्हणजे त्यांच्या वाटणाच्या मसाल्याचं, दुकान विसरणं शक्य नाही. बादल्या भरभरून मसाल्याचे गोळे, तांबडे, हिरवे, काळे. मिरच्या जवळजवळ कोळसा होईपर्यंत भाजतात, त्यात तीळ, चॉकलेट, दालचिनी आणि आणखी बरंच काही. दुकानातल्या बाईंनी काळ्या मोलेचं बोट तुझ्या तळहातावर पुसलं. आधी गोड लागलं. मग धुरकट. मग कडवट, कारळ्याची चटणी जरा करपली की लागते तसं. आणि तू गिळून झाल्यावर म्हणालीस, "अगं, हा तर आईचा काळा मसाला आहे, फक्त परदेशात शिकून आलेला." मी ते इंग्रजीत सांगितल्यावर रोसाल्बा इतकी हसली की छत्री पडली.

चॉकलेटची गिरणी आठव. चक्क आपल्या पिठाच्या गिरणीसारखी, बायका आपापले डबे घेऊन रांगेत. वरून कोको, बदाम, साखर घालायची, खालून गरम लगदा ओघळतो. तो खरखरीत होता, साखरेचे दाणे दाताखाली यायचे. लाल सरबत आपल्या अंबाडीच्या फुलांचं निघालं. भाजलेलं निवडुंग भेंडीसारखं बुळबुळीत आणि आंबट. भोपळ्याची फुलं घालून घडी केलेली मक्याची पोळी, तीत फुलांचा हिरवट वास. आणि शेवटी फळवाल्याकडे चिकू! रोसाल्बा म्हणाली, हा आमचा. तू म्हणालीस, हा डहाणूचा. मग तूच कपाळाला हात लावलास, कारण चिकू मूळचा तिकडचाच, हे नववीच्या पुस्तकातून तूच शिकवायचीस.

एवढं सगळं आठवलं तसं लिहिलंय. जेवत जा. वेळेवर औषधं घे. कुशलला आशीर्वाद.

तुझी,
सुमेधा


पुणे
२७ जून २०२१

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चांगलं लिहिलं आहेस. वाचताना जिभेला काही कळलं नाही, पण पाणी सुटलं, ते बहुधा सवयीने.

एक विचारते. त्या बाजारात आपण दोघीच गेलो होतो का? 'तुम्ही पुण्याहून आलात' हे एकदाच लिहिलंस आणि नंतर सगळीकडे मीच. नाकतोड्यांची वाटी 'रिकामी परत गेली' म्हणतेस. आपोआप रिकामी झाली का गं? मी मासळीबाजारावरून जाताना नाकाला पदर लावणारी बाई. तू एक उचलून परत ठेवलास, मी पाहिलं होतं.

इथे कोणी माझ्यासमोर त्यांचं नाव काढत नाही. कुशल विषय बदलतो. शेजारच्या शोभाताई आल्या की हवेबद्दल बोलतात. यांचा चष्मा कोणीतरी कपाटात ठेवून दिला. मी चाळीस वर्षं 'हे' आणि 'अहो' म्हणत आले, नाव कधी घेतलं नाही. आता मीही नाही घेतलं आणि तुम्हीही नाही, तर ते कोण घेणार? म्हणून लिहिते. चारुदत्त. चारुदत्त तिथे होते.

तो बाजार पुन्हा लिही. नीट लिही.

मंजूताई


कालगुर्ली
४ जुलै २०२१

प्रिय मंजूताई,

तुझं पत्र ड्यूटी संपल्यावर हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये वाचलं. मग तिथेच बसून राहिले. बाहेरून एकाने काचेवर टकटक करून विचारलं, "You right, mate?" मी अंगठा वर केला. इथे तेवढं पुरतं.

आपण तिघं होतो. नाकतोडे भाऊजींनी खाल्ले. सगळे. रोसाल्बा म्हणाली होती की पाहुणे एक खातात आणि फोटो काढतात. भाऊजींनी फोटो काढला नाही, खुर्ची ओढून बसले. "कसे लागतात?" मी विचारलं. म्हणाले, "कुरमुऱ्यांच्या चिवड्यासारखे. फक्त या चिवड्याला पाय आहेत." मग त्यांनी रोसाल्बाला 'नाकतोडा' म्हणायला शिकवलं. तिला 'ड' जमेना. ती 'नाकतोरा, नाकतोरा' म्हणत राहिली आणि भाऊजी दर वेळी गंभीरपणे मान हलवत म्हणायचे, "बरं आहे, पण पुन्हा." वीज मंडळातले ज्युनियर त्यांना का घाबरायचे ते मला तेव्हा कळलं.

तेहाते तू दोन घोटांच्या पुढे प्यायली नाहीस. चीज अर्धं, मोले बोटभर, चॉकलेट चिमूटभर. तू एक घास घ्यायचीस आणि हात बाजूला करायचीस, आणि भाऊजी तिकडे न बघताच ते घ्यायचे. बोलणं दुसऱ्या कुणाशी चाललेलं असायचं, नजर भलतीकडे, पण हात बरोबर तिथे. सगळा बाजार मी हेच बघत होते, ताई. चवी मला आठवल्या त्या तुला लिहायच्या म्हणून. नाहीतर मी घरी आणलं होतं ते तुमच्या दोघांचं हे असं खाणं. माझ्या ताटातलं उरलेलं आता कोणी घेत नाही, मी ते डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवते.

तुला माहीत नाही ते आता सांगते. ती मांस भाजायची बोळ होती ना, धुराने भरलेली, तिथे तू आत यायला नकार दिलास आणि रोसाल्बाबरोबर मिरच्या घ्यायला गेलीस. आम्ही दोघं बाकावर बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. भाऊजी रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "सुमेधा, रागावणार नसशील तर एक बोलतो. ईशानी मोठी झाली. तू त्या खाणीच्या गावात कोणासाठी राहतेस?"

मी म्हटलं, "पेशंट आहेत की."

"पेशंट पुण्यातपण आजारी पडतात."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तू आलीस की मंजू जेवताना बोलते. मी जेवताना वर्तमानपत्र वाचतो, वाईट सवय आहे. तू परत ये. मी असताना ये."

मी 'पाहू' म्हटलं. तेवढ्यात तू मिरच्यांच्या पिशव्या घेऊन आलीस, भाऊजींनी उठून त्या घेतल्या, आणि तो विषय तिथेच राहिला.

एप्रिलचंही लिहायला हवं. त्या शनिवारी मी फुटबॉलच्या मैदानावर होते. आमच्या नर्सचा मुलगा खेळत होता. इथे लोक मैदानाच्या कडेने गाड्या लावून आत बसून मॅच बघतात. मास्क नाही, काही नाही, पोरं गवतावर लोळतायत, सॉसेज भाजल्याचा वास. कुशलचा फोन आला. तो म्हणाला, "मावशी, बाबा गेले," आणि त्याच क्षणी गोल झाला. गोल झाला की सगळे गाड्यांचे हॉर्न वाजवतात. मैदानाभोवतीचे सगळे हॉर्न एकदम वाजायला लागले. कुशल "हॅलो, हॅलो" करत होता आणि मला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. नर्सने मला थरमॉसमधला चहा दिला. ती चांगली बाई आहे. पण तिच्या ओळखीतलं कोणी या आजाराने गेलेलं नव्हतं. मैदानावरच्या कोणाच्याच नाही. त्यांची चूक नव्हती. मी चहा प्यायले, आणि मॅच संपेपर्यंत बसून राहिले, कारण उठून जायचं तर कुठे, हे सुचेना.

सोमवारी कामावर गेले. तुला फोन करायचे तेव्हा 'काळजी घे' पलीकडे काही बोलले नाही. तू कॅमेरा भिंतीकडे फिरवायचीस, आणि खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. तुझा चेहरा बघितला असता तर मला बोलावं लागलं असतं. पत्रातून भाऊजींना वगळलं तेही त्यामुळेच. तुला त्रास नको म्हणून नाही. लिहिलं असतं तर माझ्या या घरातही ते गेले असते. या घरात ते अजून कोणी बोललंच नव्हतं, त्यामुळे इथे ते होते.

आता बातमी. मे महिन्यात मी देश सोडायच्या परवानगीचा अर्ज केला होता. इथल्या नागरिकाला सध्या तशी परवानगी लागते. तुला बोलले नाही, कारण मिळेल असं वाटत नव्हतं. गेल्या आठवड्यात मिळाली. परत कधी येता येईल ते कोणी सांगू शकत नाही. हॉस्पिटलचे लोक म्हणाले, जागा फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही. मी म्हटलं, ठेवू नका.

ईशानीला सांगितलं. ती चक्क मराठीत म्हणाली, "आई, तू जा. इथेपण आपण भेटतच नाहीये." हे बरोबर आहे, आणि ऐकायला अवघड आहे. तिला सोडून येतेय याचं मला वाईट वाटणार आहे, ते तुझ्यापाशी बोलून दाखवणार आहे, तू ऐकून घे.

तुला सोबत हवी म्हणून येते असं मी लोकांना सांगितलंय. तसं म्हटलं की रजेचे, निरोपाचे प्रश्न लवकर संपतात. तुला खोटं सांगत नाही. मलाच एकटीने जेवणं आता जमत नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातलं तिकीट आहे. विमान रद्द झालं तर पुढचं. भाऊजी असताना आले नाही, ते आता बदलत नाही. चष्मा कपाटातून बाहेर काढून ठेव.

येते.

सुमेधा