थोरली दुकानात, धाकटी घरी

प्रिय मालकीणबाई,

दुकानाच्या मागच्या खोलीत, तुझ्याच स्टुलावर बसून हे लिहीत आहे. स्टूल अजूनही उजवीकडे कलते. शेकडो लोकांच्या आखूड पायांना तू मापून टाचा बसवल्यास आणि स्वतःच्या स्टुलाखाली मात्र पुठ्ठ्याची घडी ठेवलीस, हे मला कधीच समजले नाही. अलीकडे न समजणाऱ्या गोष्टी वाढल्या आहेत. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने असे कबूल करणे बरे दिसत नाही. पण तुझ्यापासून काय लपवायचे?

तू गेल्याला पाच महिने झाले. गेल्या महिन्यात रुग्णालयाचे पत्र आले. ते आपल्याकडे खास बुटांसाठी जे रुग्ण पाठवतात, त्यांची माहिती आपल्या संगणकात कितपत सुरक्षित आहे, याची तपासणी होणार होती. हल्ली म्हणे कोणीतरी दूर बसून संगणकात शिरतो, सारी माहिती कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. त्याला शिरू न देण्याची आणि तो शिरलाच तर सावरण्याची आपली तयारी किती, हे एकतीस प्रश्नांतून सांगायचे होते. तपासणीत खरे उतरलो नाही तर रुग्ण येणे बंद. मग टाचणीच्या हाती मी काय देणार होतो, रिकामी मांडणी? सोळा वर्षे तुझ्या शेजारी बसून चामडे शिवणाऱ्या आणि तुझ्याहूनही टोचून बोलणाऱ्या त्या बाईलाच दुकान द्यायचे, हे तू मला शेवटच्या आठवड्यात दोनदा सांगितलेस. दुसऱ्यांदा सांगितलेस तेव्हा मी चिडलो होतो. त्याबद्दल क्षमा असावी.

पहिल्याच प्रश्नाला अडलो. अनोळखी व्यक्तींच्या ईमेलला जोडलेल्या फायली येथे उघडल्या जातात काय? मी ठामपणे 'नाही' लिहिले आणि मग खोडले. तू गेल्यावर आलेली सांत्वनाची प्रत्येक फाईल मी याच संगणकावर उघडली होती, आणि त्यांतील निम्मी माणसे मला ठाऊक नव्हती. सुदैवाने सगळे खरोखरच दुःखी निघाले.

चौदावा प्रश्न असा होता : माहितीच्या प्रती किती, त्या कोठे ठेवल्या आहेत आणि मूळ संगणकापासून वेगळ्या आहेत काय? मी 'माहीत नाही' असे लिहीत असताना टाचणी मागून डोकावली आणि हसतच सुटली. "अहो सर, थोरली-धाकटीचं विचारतायत ते! एक दुकानात, एक तुमच्या घरी. शनिवारी अदलाबदल. ताई म्हणायच्या, दोघी जावांना एका छपराखाली ठेवायचं नाही."

अकरा वर्षे दर शनिवारी तू फोनवर टाचणीला सांगत असायचीस, "आज थोरलीला घेऊन येतेय, धाकटीला घरी न्यायची तयारी ठेव." मी समोर वर्तमानपत्र वाचत असायचो. तू संगणकातल्या माहितीच्या प्रती ठेवलेल्या, काळ्या डब्यांसारख्या दोन डिस्कांविषयी बोलते आहेस, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मला वाटे, माझ्या दोन्ही भावांच्या बायकांविषयी, तुझ्या सख्ख्या जावांविषयी चालले आहे. आणि तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, "धाकटी हल्ली पटकन गरम होते, मग मध्येच बोलायची बंद होते." ते ऐकून मी काय केले, हे तुला आजवर सांगितलेले नाही. धाकट्या भावाला चार पानी पत्र लिहिले. पत्नीच्या स्वभावास वेळीच आवर घालावा, वडीलधाऱ्यांशी अबोला धरणे कुटुंबास शोभत नाही, असे मुद्देसूद. ते दोघे का येईनासे झाले, असे तू मला कितीदा विचारलेस. तुझ्या आजारपणातही तो एकटाच येऊन दाराशी उभा राहिला आणि गेला. मी म्हणालो, कामात असतील.

तपासनीस बाई आल्या. आपल्याच वयाच्या, दोरीला बांधलेला चष्मा लावणाऱ्या. त्यांनी पाहिले तर दोन्ही जावा संगणकाला जोडलेल्या! तू गेल्यावर घर आवरताना कपाटात धाकटी सापडली, तेव्हा सर्व वस्तू एके ठिकाणी असाव्यात म्हणून मीच तिला इथे आणून जोडून ठेवली होती. "मग प्रत कसली, सर?" बाई म्हणाल्या. "शिरणारा तिघांनाही एकदमच कुलूप घालेल की!" नंतर त्यांनी एक कोरा संगणक समोर ठेवला आणि म्हणाल्या, "समजा, सगळं गेलं. आता परत आणून दाखवा."

थोरलीने तोंडच उघडले नाही. आत काहीतरी टकटक वाजले आणि थांबले. टाचणीचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नसता. धाकटी चालू झाली आणि दहा मिनिटांत तापली. तेव्हा टाचणीने उठून तळवे ठोकायचा तुझा लोखंडी साचा आणला आणि तिला त्यावर ठेवले. "ताई असंच करायच्या. लोखंड गरमी ओढून घेतं." तीन तास लागले. एकेक पाऊल परत आले. मापे आणि त्यांखाली तुझे शेरे : 'डावा पाय पाव इंच आखूड. स्वतः सांगणार नाही. आपण विचारावे.'

प्रती तुझ्या शेवटच्या शनिवारपाशी थांबतात. त्यानंतरची मापे टाचणीने कागदावर पाय आखून ठेवली आहेत, ती भरता येतील. पण एक प्रश्न असा होता : किती दिवसांची माहिती गमावणे आपणांस परवडेल? मी लिहिले, 'एकाही दिवसाची नाही.' बाईंनी चष्मा काढला. "सगळे हेच लिहितात, सर. खरा आकडा लिहा." मी पुष्कळ विचार केला. अखेर टाचणीनेच 'सात' लिहिले, एका शनिवारपासून दुसऱ्यापर्यंत.

धाकट्या भावाला मी पुन्हा पत्र पाठवले, या वेळी अर्धेच पान : गरम होणारी धाकटी कोणती, हे सांगून क्षमा मागितली. फोन त्याच्या बायकोचा आला. "भावोजी, मी गरम होते ते खरंच आहे," ती म्हणाली, "पण बंद कधी पडले हो?" मग आम्ही दोघेही काही वेळ बंदच पडलो. रविवारी दोघे येणार आहेत.

नवी थोरली आली आहे आणि आपण तपासणीत खरे उतरलो आहोत, एक अट सोडून. शेवटचा प्रश्न : जी व्यक्ती आता कामावर नाही, तिचे खाते बंद केले आहे काय? केलेले नाही. पाच महिने मी रोज तुझ्याच नावाने हा संगणक उघडतो. तो तुझे नाव घेऊन स्वागत करतो आणि मी मान डोलावतो. असे जागे राहिलेले खाते म्हणजे शिरणाऱ्याला उघडे दार, असे बाई म्हणाल्या, आणि तर्काने ते बिनचूक आहे. मुदत आजची आहे. परंतु ज्याचे खाते बंद करायचे त्यास आधी लेखी कळवावे, ही माझी शिस्त तुला ठाऊक आहे. त्यासाठीच हे पत्र. टाचणीने सकाळी आपल्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या आणि "तुमचं होऊ दे सर, मी बाहेर आहे" म्हणून गेली. आता बटण दाबतो.

तुझाच,
समोर बसून न ऐकणारा

ता. क. खाते बंद केले. थोरली दुकानात आहे, धाकटी माझ्या पिशवीत. आज शनिवार आहे. दाराला कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या टाचणीला परत केल्या.