यंत्राने सांगितलेला शुक्रवार

मी, गीता सिताराम वाव्हळे, मूळ राहणार चुडाव्याच्या बाजूचे एक खेडे, हल्ली मुक्काम परभणी, धर्म बौद्ध, लग्न केले नाही, अपत्य नाही, हा कागद माझ्या मर्जीने लिहून ठेवते. वय कागदोपत्री ऐंशी. ‘कागदोपत्री’ हा शब्द वकील हरिओम देशमुख यांनी दोनदा खोडला आणि मी तिसऱ्यांदा घातला. त्याचे कारण कलम चारमध्ये आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला जे आले त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

माझे डोके ठिकाणावर आहे. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, जीवन ‘आत्याला चळ लागलाय, ती स्वतःची जन्मतारीख खोटी म्हणायलीय’ असे गल्लीभर सांगत फिरतो, म्हणून मी डॉक्टर आदिनाथ यांना घरी बोलावले. त्यांनी विचारले, ‘आजी, आज वार कोणता?’ मी म्हटले, ‘माझे राहू द्या, तुमची जन्मतारीख सांगा.’ चौदा ऑगस्ट एकोणीसशे सत्त्याऐंशी, असे ते म्हणाले. मी पाण्याचा एक घोट घेतला आणि सांगितले, ‘शुक्रवार.’ त्यांनी मोबाइलमध्ये पाहिले आणि दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. वसमत रोडवरचे दोन खोल्यांचे घर, मागचे अंगण व त्यातला कडुनिंब. हे मी माझ्या नोकरीच्या कमाईतून बांधले, वडिलार्जित नाही. ते माझ्या भावाची मुलगी संघप्रिया हिला द्यावे. नवऱ्याचे घर सोडून आली तेव्हा तिला सख्ख्या भावाने, याच जीवनने, दार उघडले नाही. सहा वर्षे ती माझ्याजवळ आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि माझा चष्मा माझ्या आधी तिला सापडतो. जीवन म्हणाला होता, ‘लेकीबाळीला घर देतेत का कुठं, आत्या?’ मी म्हणाले, ‘देतेत की. हे बघ, मी द्यायलेय.’ त्याला तिथे दुकानांचे गाळे काढायचे आहेत. कडुनिंबाला हात लावला तर बघ, एवढेच त्याला सांगून ठेवते.

कलम २. जीवनला माझा मोठा फोटो द्यावा, काचेसकट. त्यात मी निळ्या साडीत यंत्राशेजारी उभी आहे. आमची आत्या कॉम्प्युटर इंजिनिअर होती, असे तो चारचौघांत सांगतो. मी इंजिनिअर नव्हते. मी कॉम्प्युटरला माहिती देण्याच्या कार्डांना भोके पाडणारी होते, आणि तीन भाषा बोलता येत म्हणून प्रदर्शनात यंत्र दाखवायला उभी करत. फोटो भिंतीवर लावायचा तर खाली हे खरे लिहूनच लावावा.

कलम ३. बँकेतली ठेव संघप्रियाला. कागद हिरव्या पिशवीत आहेत. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा तिच्या शाळेतल्या पोरांना द्यावा, पाठीमागे गणिते करायला. पूजेला ठेवायची ती वस्तू नव्हे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

सन एकोणीसशे सत्तरच्या जानेवारीत हैदराबादच्या प्रदर्शनात आमच्या कंपनीचा मंडप होता. कंपनीचे नाव लिहीत नाही, ती आता राहिलेली नाही. यंत्र म्हणजे चार लोखंडी कपाटे. त्यांना गार हवा लागे, म्हणून मंडपात गारठा असे आणि दुपारच्या उन्हातून लोक नुसते गार व्हायलाही येत. खेळ असा, की पाहुण्याने जन्मतारीख सांगायची, मी ती भोके पाडून कार्डावर उतरवायची, यंत्र कार्ड गिळायचे आणि खडखड करत वार छापून द्यायचे. लोक अक्षरशः हात जोडत. रोज शेकडो वार पाहून पाहून मला ते तोंडी येऊ लागले. ते अजून विसरलेले नाहीत.

एका दुपारी माझी माय, बायनाबाई, काचीगुड्याच्या गाडीने एकटी आली. लेकीचे यंत्र बघायला. पदराला भाकरी बांधलेली. आमच्या साहेबांना फार मजा वाटली. ते ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, ‘मांजी, लेकीचा जन्म कधीचा?’ मायला तारीख कुठली ठाऊक! मीच कार्डावर उतरवली, शाळेतली: एक जून एकोणीसशे पंचेचाळीस. यंत्राने छापले, शुक्रवार.

‘न्हाई बाई,’ माय म्हणाली. ‘मंगळवार व्हता. बाजार व्हता त्या दिशी. मी मीठ घिऊन घरी आले, मिठाची पुडी उतरंडीवर ठिवली, आन् ही झाली.’

मंडप हसला. साहेबांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला, म्हणाले, समजावून सांग. आणि मी सांगितले: ‘यंत्र चुकत नाही. माणूस विसरतो.’ टाळ्या पडल्या.

मला तेव्हा, त्या क्षणी, ठाऊक होते की तारीख खोटी आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरांना एक जूनच लावली होती. आमच्या भागात अर्धी माणसे एक जूनला जन्मलेली आहेत, कोणालाही विचारा. यंत्र बरोबर होते, मायही बरोबर होती, चुकीचे होते ते मी घातलेले कार्ड. एवढे एक वाक्य मी बोलू शकले असते. पण साहेब शेजारी उभे होते, मायच्या पदरातली भाकरी सगळ्यांना दिसत होती, आणि मला तिची लाज वाटली. होय, लाज वाटली. लिहिते आहे.

माय एवढेच म्हणाली, ‘बरं गिते. तुझ्या यंत्राला जास्ती ठावं.’ दोन दिवस राहणार होती, संध्याकाळच्याच गाडीने गेली. पुन्हा कधी माझ्या कामाचे नाव काढले नाही. ती वारल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत यंत्राने ‘शुक्रवार’ छापलेली ती चिठ्ठी निघाली, चार घड्या घालून जपलेली. तिला वाचता येत नव्हते.

मी पुढे तीस वर्षे यंत्रांत काढली. तो मंगळवार पेरणीआधीचा की नंतरचा, त्या वर्षी पाऊस कधी आला, एवढे दोन प्रश्न मायला विचारले असते तर तारीखही काढता आली असती. ती हयात असताना विचारले नाहीत. आता उपाय नाही.

वकीलसाहेब म्हणतात, ‘बाई, हे कलम काढा. स्वतःच तारीख खोटी म्हणालात तर जीवनच्या हाती आयतं कोलीत मिळंल. घर जाईल.’ मी पुष्कळ विचार केला. एकदा घाबरून गप्प बसले, त्याची किंमत मायने दिली. दुसऱ्यांदा बसणार नाही. कार्यालयासाठी कार्डावरच्या तारखेप्रमाणे वय वर लिहिले आहे ते तसेच राहू द्यावे. खाली मी माझे लिहीन. घराचे काय व्हायचे ते डॉक्टरांच्या दाखल्यावर आणि संघप्रियाच्या हिमतीवर होईल.

कलम ५. संघप्रियाला एकच अट. ऊसतोडीच्या पालावरून दाखला नसलेले पोर शाळेत आले तर हातासरशी एक जून लिहायची नाही. आईला खाली बसवून विचारायचे: बाजार होता का, पाऊस होता का, घरात काय शिजत होते. मग कॅलेंडर काढायचे. ती चिठ्ठीही संघप्रियाकडेच राहावी.

हा कागद वाचून दाखवताना माझे शेजारी व साक्षीदार परमेश्वर सटवाजी कदम मध्येच म्हणाले, ‘आत्याबाई, माझी बी एक जूनच हाय की!’ त्यांना म्हटले, आधी सही करा, मग बघू.

साक्षीदार:
१. डॉ. आदिनाथ मुळे (सही)
२. परमेश्वर सटवाजी कदम (सही)

स्थळ: परभणी. दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. वार मुद्दाम निवडला आहे.

लिहून देणार: गीता सिताराम वाव्हळे (सही)
जन्मतारीख: ठाऊक नाही.
वार: मंगळवार.
पुरावा: माय सांगत होती.