सासूबाईंनी पारखलेली सात आसनांची गाडी

कोचाबांबा,
रविवार, दुपारचं जेवण अंगावर आलेलं

आदरणीय फुल्हेन्सियोदादांस,

धाकट्या चुलतभावाचा, सेरापियोचा, वाकून नमस्कार (पोट मध्ये येतं तिथपर्यंत). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा राग कसा आहे? तुमच्या तारिहात यंदा द्राक्षं उदंड आली म्हणे. त्यांचं पुढे जे होतं, ते तुम्ही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच पीत असाल अशी मुळीच आशा नाही, पण विचारायची पद्धत आहे. इकडे आम्ही सगळे ठीक.

तुम्ही विचारलंत, आम्ही घेतलेली ती स्वस्तातली, उंच, सात जणांची गाडी कशी आहे, आणि तुम्ही घ्यावी का. दादा, मी कवळ्या बनवणारा माणूस. वस्तू तोंडात बसल्याशिवाय मी मत देत नाही. आता सहा महिने झाले, मत तयार आहे, फक्त ते लांब आहे.

आधी सात जणांचं बघू. 'ऐसपैस बसा साहेब,' असं दुकानातला तेल लावलेल्या केसांचा विक्रेता म्हणाला, म्हणून मी सगळ्यात मागच्या रांगेत शिरलो. तिथे बसता येतं. उठता येत नाही. गुडघे कानांना लागतात, आणि आपण आईच्या पोटात होतो तेव्हाच्या आठवणी येतात. शेवटी विक्रेत्याने आणि बायकोने, एदुविहेसने, मला डिकीच्या बाजूने ओढून काढलं. तरी घेतली. एकतर बायकोला रंग आवडला होता, आणि दुसरं म्हणजे बाकीच्या गाड्यांच्या किमती ऐकताना मला तिथलं फुकटचं पाणी तीनदा मागावं लागलं.

खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. आमच्या सासूबाई, डोन्या निकानोरा, वय अठ्ठ्याहत्तर, तुनारी डोंगराच्या खिंडीपलीकडच्या गावी एकट्या राहायच्या. अंगणात घसरून पडल्या आणि दुपारपर्यंत चिखलात तशाच पडून राहिल्या. हे त्यांनी नाही, शेजारणीने कळवलं. एदुविहेस दोन आठवडे धड जेवली नाही. अकरा वर्षं आम्ही त्यांना शहरात बोलावत होतो आणि अकरा वर्षं त्या नको म्हणत होत्या. शेवटी दोन्ही मुलींना घेऊन आम्ही गावात गाडीच उभी केली.

सासूबाईंनी आधी गाडी पारखली. दारावर काठी वाजवली. 'पत्रा पातळ आहे.' मग वाकून खाली पाहिलं. 'पोट मात्र उंच. आणि दम किती हिच्यात?'

'एकशे पंधरा घोड्यांचा, सासूबाई.'

'सगळे म्हातारे का हो, जावईबापू?'

मग म्हणाल्या, फ्लोरिंदा येणार असेल तर मी येते. फ्लोरिंदा ही त्यांची मेंढी. मागच्या रांगेत ती काही केल्या जाईना (मेंढीला अक्कल असते, हे मला तेव्हा कळलं). म्हणून तिला मधल्या रांगेत मुलींच्या मध्ये बसवलं, तर गाडी टिंग टिंग करायला लागली. तिला पट्टा लावेपर्यंत थांबली नाही. तर सुरक्षेला पूर्ण गुण द्या.

तोवर गावाबाहेर नदीने रस्ता गिळला होता. अलीकडे एका वकिलाची बुटकी, चकचकीत, आपल्या तिप्पट किमतीची गाडी अडकून पडली होती आणि वकीलसाहेब बोनेटवर बसून पाण्याला शिव्या देत होते. एदुविहेसच्या तोंडचा रंग उडाला. सासूबाई मात्र उतरल्या, पाण्यात काठी घालत पार पलीकडे जाऊन आल्या, आणि काठीची ओली खूण आपल्या दाराला लावून पाहिली. 'दाराच्या खाली चार बोटं. चला.' मी देवाचं नाव घेऊन पहिला गिअर टाकला. तळाखालून पाणी असं घासत होतं की मुली गप्प, मेंढीही गप्प. इंजिन एकदाही खोकलं नाही. पलीकडे चढल्यावर सासूबाईंनी जनावराला थोपटावं तशी गाडी थोपटली. मग मान वळवून गाव दिसेनासं होईपर्यंत मागे बघत राहिल्या.

खिंडीच्या चढावर मात्र त्या एकशे पंधरा घोड्यांना धाप लागली. 'ओझं होतंय बिचारीला,' म्हणून सासूबाई मेंढीला घेऊन उतरल्या. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा त्या दगडावर बसून कोकाची पानं चघळत होत्या. म्हणाल्या, 'रस्ता चुकलात की काय?'

आता महिना झाला. सासूबाई आमच्याकडे आहेत, पण घरात नाहीत. सकाळचं आटोपलं की त्या अंगणातल्या गाडीत जाऊन बसतात. काचेतून ऊन येतं, सीट मागे कलते, रेडिओवर त्यांच्या गावाकडची केचुआ गाणी लागतात (बॅटरी दोनदा मेली). गल्लीतल्या बायका भेटायला येतात, त्यांना शेजारची सीट मिळते. मी मिनीबसला लोंबकळत कामावर जातो.

तर दादा, पत्रा पातळ, चढाला दम कमी, मागची रांग शत्रूसाठी, पण पाण्यातून माणसं पार करते. घ्यायची तर घ्या, पण घरच्या म्हाताऱ्यांना दाखवू नका.

वहिनींना नमस्कार, आणि त्या चिडलेल्या असतील तर सांगू नका.

तुमचा,
सेरापियो

ता. क. तुमच्या परसात ती जुनी जीप गंजत पडली आहे ना? इंजिन नको. पुढची सीट आणि जमलं तर काच तेवढी कुणाच्या ट्रकमधून पाठवा. सासूबाईंना अंगणात मांडून देईन. मला माझी गाडी परत हवी आहे.

ता. क. २. दादा, मी एदुविहेस. पाकीट उघडं होतं. सीट पाठवू नका. हे कामावरून आले की घरात यायच्या आधी गाडीत शिरतात, आणि जावई-सासू शेंगदाणे खात तासभर खिदळत बसतात. नदीत गाडी मी घातली. पहिला गिअर मी टाकला. ह्यांनी डोळे मिटून माझा दंड धरला होता, अजून वळ आहे. आणि काल आईने मला हळूच विचारलं, यातलं जायचं पेडल कुठलं आणि थांबायचं कुठलं. म्हटलं, 'आई, गावाला परत जायचंय का तुला?' तर म्हणाली, 'छे गं. बाजारात. इथली भाजीवाली तुम्हाला लुबाडते.'