मागच्या गल्लीचं दार

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, दिग्रस

पूजा झाली, पण पोथीत मन लागलं नाही.

हे नगरपरिषदेत नकाशे काढतात. पोलीस चौकी, आगीचा बंब आणि अँब्युलन्स एकाच इमारतीत आणायची आहे, तिचा नकाशा आज घरी आणला होता. सगळ्यांना मिळून दार एकच, आणि दाराशीच पोलिसांचं टेबल.

मी म्हटलं, "अँब्युलन्सला मागच्या गल्लीतून वेगळं दार द्या. औषध पिलेल्या माणसाला पोलिसांसमोरून कोण आणील?"

हे हसले. "एका दारात खर्च वाचते. काटकसर तुलेच आवडते ना?"

मी पेन्सिलीने दार काढून दाखवलं. यांनी ते खोडरबराने पुसलं, कागद फाटू नये म्हणून जपून. "साहेबाची सही झाली. अन् तुह्यासाठी दाराशी गणपतीची देवळी ठेवली आहे."

देवळीला बरी जागा निघाली.

कापूस घरात पडून होता, त्या साली दादाने फवारणीचं औषध घेतलं. वहिनी धावत माझ्याकडे आली. "पोलीस केस होईल, ताई. काय करू?" मी म्हटलं, मिठाचं पाणी पाज, अंधार पडू दे, मग नेऊ. आणि देवापुढे जाऊन बसले. नेलं तेव्हा उशीर झाला होता.

वहिनीनेच लपवलं, असं हे अजून म्हणतात. सारं गाव म्हणतं. ती ऐकून घेते.

पुसलेल्या दाराची रेघ कागदावर अजून दिसते. आजही मी खरं सांगितलं नाही. नुसतं दार मागितलं.