परमिट परत येईपर्यंत

रायपूर,
२२ मे

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आई सांगत होती, तू नीट जेवत नाहीस. तुझ्या सासूबाईंच्या, वनमालाकाकूंच्या तेराव्याला मी येऊ नये असा निरोप मिळाला. येणार नाही. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहून राहिली आहे. उजव्या हाताची बोटं प्लास्टरमध्ये आहेत. ती कशी मोडली, हे तुला घरात कोणी सांगितलं नसेल.

त्या दुपारी पंडरी बाजारामागे तार तुटली आणि तुमच्या पाऱ्याची, सगळ्या मोहल्ल्याची लाइन कंट्रोल रूममध्ये माझ्या स्क्रीनवर बंद झाली. बुद्धभूषण नावाचा लाइनमन परमिट घेऊन खांबावर चढला. तो खाली उतरून परमिट परत करेपर्यंत ती लाइन कोणी सुरू करायची नसते. तुमचा पारा लाइनच्या त्याच तुकड्यावर, त्यामुळे दुसरीकडून वीज फिरवूनही देता येत नव्हती.

मग तुमच्या पाऱ्यातले लोक आले. गेटवरच्या गार्डला तुडवून, दार मोडून. सगळ्यांत पुढे भाऊजी होते.

मला वाटलं, घरचा माणूस आहे, ऐकून घेतील. ते म्हणाले, "देवू, आईची ऑक्सिजनची मशीन बंद पडली. लाइट दे." मी सांगितलं, खांबावर माणूस आहे, आत्ता वीज सोडली तर जळून मरेल. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. आमच्याकडे बंद लाइनची खूण हिरवी असते, चालू लाइनची लाल. त्यांना हिरवं दिसलं आणि वाटलं, वीज आहे, आम्हीच अडवून ठेवली आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "झूठ बोल रही है." पहिली खुर्ची तेव्हाच काचेवर आदळली.

भार्गव सर माझ्या शिफ्टचे साहेब. ते बुद्धभूषणला फोन लावत माझ्या टेबलासमोर आडवे उभे राहिले. नंतर कळलं, त्याचा फोन खांबाखाली गाडीत वाजत होता. सरांना कॉलर धरून पाडलं, पोटात लाथा घातल्या. ते उठले आणि परत आडवे आले. तेव्हा भाऊजींनी आग विझवायचं सिलिंडर भिंतीवरून उचकटलं आणि त्यांच्या डोक्यात घातलं. एकदा नाही. तो आवाज ओला होता, ताई. की-बोर्डवर रक्त उडालं.

स्क्रीनवरचं परमिटचं कुलूप काढायला माझा पासवर्ड लागतो. भाऊजींनी माझा हात त्या रक्तात दाबून धरला. "टाक. बटन दाबायले काय जाते तुले?" मी मूठ आवळली. त्यांनी एकेक बोट उलटं वाकवलं. मी ओरडत होते, पण टाकला नाही.

पोलीस आले, सगळे पळाले. तार जोडून बुद्धभूषण उतरला, परमिट परत आलं, आणि मी डाव्या हातानं लाइन सुरू केली. तोवर तुझ्या घरी काकू गेल्या होत्या. त्यांनी बारावीचं वर्षभर मला तुमच्याकडे ठेवून घेतलं, माझ्या वेण्या घातल्या. मी ते विसरले असं समजू नकोस.

काल भार्गव सर दवाखान्यात वारले.

कॅमेरे फुटले होते. शिफ्टमधले बाकीचे म्हणाले, गर्दी होती, कोणी ओळखू आलं नाही. आई म्हणाली, "तू बी तसंच सांग. पोट्टीचा संसार हाय." सरांची बायको भावना माझ्यासमोर बसली होती, सरांचा चष्मा हातात धरून. मी पोलिसांना भाऊजींचं नाव दिलं. हे पत्र पोचेल तोवर पोलीस त्यांना घेऊन गेले असतील.

एक गोष्ट मी पोलिसांनाही सांगितली नाही. मशीन बंद पडली हे ऐकताच मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. तुमचा पत्ता अर्धा सांगून झाला होता. भाऊजींना वाटलं, मी पोलीस बोलावते आहे. त्यांनी फोन हिसकून भिंतीवर फोडला.

त्यांना अजून हे माहीत नाही. कळलं तर ते जगतील कसे? आणि नाही कळलं, तर काकूंना मी मारलं असंच तुमच्या घरात जन्मभर राहील. मला ठरवता येत नाही, ताई. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

साक्ष मात्र मी बदलणार नाही.

तू माझं नाव टाकलंस तरी तुझीच,
देवू