तू सुचवलेला सिनेमा

प्रिय घड्याळ्या,

खरं उत्तर द्यायला चार महिने उशीर झाला, माफ कर. याआधी तुला लिहिलेली दोन पत्रं न पाठवता शिलाई मशीनच्या खणातच पडून आहेत.

तू मला सिनेमे सुचवायचास, मी तुला खानावळी. मी सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी तू जाऊन जेवलास. मी मात्र तुझा एकही सिनेमा पाहिला नाही. अंधारात मला झोप लागते रे. पोस्टर बघायचो आणि "झकास!" म्हणून लिहून टाकायचो.

शेवटच्या पत्रात तू लिहिलंस, "हा नक्की बघ, मग शेवटाबद्दल बोलू." मी ठोकून दिलं, "हसून हसून पोट दुखलं!" त्यानंतर तुझं पत्र नाही.

गेल्या महिन्यात सुनेने तो सिनेमा घरी लावून दिला. त्यातल्या म्हाताऱ्याला मोठा आजार असतो. घरात तो कोणाला सांगत नाही, फक्त जुन्या मित्राला सांगायचं ठरवतो, आणि तेही राहूनच जातं. माझा चहा कपातच गार झाला.

घड्याळ्या, तुला काय झालंय? रोज टपालपेटीपर्यंत जातो आणि पत्र न टाकताच परत येतो. उत्तर दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात आलं तर, ही धास्ती वाटते. तुझ्या हातच्या दोन ओळी लवकर पाठव. नुसत्या शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा खोटारडा,
शिंपी