सहा बरण्या करवंदाचं लोणचं

२८ एप्रिल १९४६
पुण्याच्या कॉलेजातला शेवटचा दिवस डोक्यातून जात नाही. बाईंनी विचारलं होतं, "स्वतःचा धंदा कोण काढणार?" सगळ्या मुली हसल्या. माझा हात अर्धा वर गेला – आणि मी केस सारखे केले! कर्जतला येऊन आठ दिवस झाले, तरी लाज वाटते.

२ मे
साखर रेशनवर, म्हणजे विकायला मुरंबा नको. लोणचं! शेजारची भागी डोंगरातून पाटीभर हिरवी करवंदं घेऊन आली. सहा बरण्या भरल्या. आई दारात उभी – "लोणचंच घालायचं होतं तर पुण्याला कशाला धाडली गं, शकू?" चाखून मात्र पाहिलं. "मीठ कमी हाय."

९ मे
पनवेलहून मुलींच्या शाळेचं पत्र. जूनपासून शिकवायला या. अण्णांनी लेकीचं पत्र स्टेशनातल्या मालधक्क्यावरच्या सगळ्या कारकुनांना वाचून दाखवलं. अण्णांचा चेहरा पाहून धंद्याची गोष्ट मनातच ठेवली.

१४ मे
भागीबरोबर माथेरानला गेले. नमुन्याला दोन बरण्या. हॉटेलच्या मॅनेजरनं झाकणसुद्धा उघडलं नाही.
"घरातलं पुरुषमाणूस कुठंय?"
"लोणचं मी घातलंय."
"असेल. पण बोलणी कुणाशी करायची?"
गाडी नेरळपर्यंत वळत वळत उतरली, मी खिडकीकडं तोंड करून बसले. भागी म्हणाली, "रडू नको गं. माल चांगला हाय."
मला दुकान हवंय. एवढंसंच. बाहेर माझ्या नावाची पाटी, आत मी. फार मागतेय का?

१५ मे
काही नाही. दिवसभर पडून.

२० मे
अण्णांना सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं! हळूच म्हणाले, "शाळेत मान आहे, शकू. धंद्यात बाईला कोण उभं करतं? उद्या होकार कळव." आई चुलीपाशी सगळं ऐकत होती. माझ्या बाजूनं एक शब्द नाही.

२१ मे
सकाळी होकाराचं पाकीट टपालात टाकून आले, तर आई घरात नाही, लोणच्याच्या बरण्याही जागेवर नाहीत. एकटी कधी कर्जतबाहेर न गेलेली बाई! दिवस मावळताना आली. पायांवर माथेरानची लाल माती, टोपली रिकामी.
"मॅनेजरनं घेतलं?"
"त्याला कोण विचारतंय! मागल्या दारानं गेले, आचाऱ्याला चाखवलं. अजून मागतोय." मग पाणी प्यायली. "ते पत्र टाकलं नाय ना गं?"
"टाकलं."
"मग दुसरं लिही."